निजलेल्या फडात मेथी

या गं, अशा पुढे या. ओसरीच्या पायरीवर एक पाय आणि रस्त्यावर एक पाय ठेवून ऐकायची तुमची जुनी खोड काही जात नाही. मी खानदेशातून येऊन दोन महिने झाले. तुम्ही रोज पाण्याला जाताना विचारता, "गोदा बरी आहे ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यावरून दिसेनाशा होता. ही विचारायची रीत झाली का? गोदा माझ्या मेलेल्या बहिणीची मुलगी, पण वाढली ती याच आळीत, तुमच्याच परकरांना धरून. तिच्या लग्नात बुंदी खाऊन हात पुसलेत, आणि आठ वर्षांत एकीचंही पाऊल तिकडे वळलं नाही. "लांब आहे", "भिल्लांचा मुलूख आहे", "गाडी बदलावी लागते". लागते बदलावी! मी साठी ओलांडलेली बाई, दोनदा बदलली आणि जिवंत परत आले.

काल तिच्या नवऱ्याचं कार्ड आलं. ते वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. प्रत्येकीला वेगळं सांगत बसायचा मला कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आणि कागद घरोघर फिरवते. अक्षर वाकडं आहे. लावून वाचा.

नंदुरबार

गाडीचं काही सांगत नाही. बसले, भुसावळला उतरले, सुरतेकडच्या गाडीत बसले, अंग आंबून गेलं, झालं. पण नंदुरबारला उतरले आणि पहिलं काय झालं असेल, तर शिंका. एक, दोन, सात, अकरा. मोजायच्या सोडल्या. स्टेशनाच्या बाहेर थोडं गेलं की नजर पोचेल तिथवर जमिनीवर लाल मिरची वाळत टाकलेली. आपल्याकडे बाया अंगणात सुपाएवढी मिरची टाकतात आणि कावळा हाकत बसतात. तिथे वावरंच्या वावरं लाल. बाया त्यातून अनवाणी चालतात, देठं खुडतात आणि वर गप्पाही मारतात. मी पदर नाकाला लावून रडतेय आणि त्या माझ्याकडे बघून हसताहेत.

गोदाच्या नवऱ्यानं, सुकदेवनं, रहीमचाचांची दमणी सांगून ठेवली होती. रहीमचाचा नंदुरबारचेच. पाच पिढ्या तिथेच गेल्या म्हणाले. दाढी पांढरी, बैलही पांढरे. मला बोळक्यातून पाणी दिलं, चाकाशी सावलीत बसवलं आणि शिंका थांबेपर्यंत गाडी जुंपली नाही. रनाळ्याच्या बाजूला वळलो तेव्हा त्यांनी माझ्याकडचं गाठोडं बघितलं.

"माय, हाई काय लई चालनी?"

"बियाणं आहे," म्हटलं. "मेथी, धने, थोडा घेवडा. मुलीकडे रिकाम्या हाती जायचं का?"

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा विचार केला. मग म्हणाले, "माय, एक आयक. त्या गावमा कोठेच हात लावू नको. बठ, खाय, पी. पन हात लावू नको."

मला राग आला. मी काय चोर आहे? आमचं घर माळ्याचं. जन्म गेला मातीत. हात लावू नको म्हणजे काय?

आता वाटतं, त्या बिचाऱ्या माणसाचं ऐकलं असतं तर.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुख्य पंचांना, आप्पांना, आवडायचं नाही. गोदा वेशीपर्यंत आली होती. माझ्या गळ्यात पडली, रडली, हसली आणि एकदम मागे वळून कुणाला तरी ओरडली, "ती गाय बांध वं! पाटवर जाई ऱ्हायनी!" मी बघतच राहिले. ही आपली गोदा? "आहे" म्हणायच्या जागी "शे" म्हणते. "माझी" नाही, "मन्ही". माझ्याशी आपलं बोलते आणि मान वळवली की तिकडचं. म्हटलं, बाई, स्वतःला अर्धी तरी इकडे ठेव.

जेवायला कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळतात. भाकरी काळपट दिसते, पण चव विचारू नका. वांगी तुराट्यांवर भाजलेली, हिरवी मिरची लाकडाच्या बडगीत ठेचलेली. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि वर पाणी पिऊन डोळे पुसले. फक्त एकच गोष्ट नव्हती. हिरवी पालेभाजी. पौष महिना, पाटाला झुळझुळ पाणी, आणि घरात मेथीचं पान नाही!

"अगं, परसात चार वाफे करता येत नाहीत?"

"परसात पाणी कोठलं, मावशी? पाट तिकडे."

"मग पाटाशी कर."

ती हसली. "उद्या दाखवते," म्हणाली.

पाटावर

दुसऱ्या दिवशी तिनं मला सगळं फिरवून दाखवलं आणि माझ्या वैतागाला तिथून सुरुवात झाली.

आपल्याकडे कसं, विहीर ज्याची त्याची, मोट ज्याची त्याची. मनात आलं ऊस, ऊस. मनात आलं कांदा, कांदा. तिथे नदीला दगडाचा बंधारा. कुणी बांधला ते कुणाला ठाऊक नाही. त्यातून पाट निघतो आणि त्या पाटाखालची सगळी जमीन चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली. त्या एकेका तुकड्याला ते फड म्हणतात. प्रत्येक फडात प्रत्येक घराची एक पट्टी. आणि फडात काय पेरायचं ते घर नाही ठरवत, गाव ठरवतं! एका फडात सगळ्यांचा ऊस, एकात सगळ्यांचा गहू, एकात कडधान्य. आणि चौथ्यात काही नाही. चौथा मोकळा.

मी म्हटलं, "सुकदेवला गव्हात लसूण लावायचा झाला तर?"

"नाही लावायचा."

"कापणी दोन दिवस आधी करायची झाली तर?"

"सगळ्यांची एकदम होते."

"पाट साफ करायच्या दिवशी घरात लग्न असलं तर?"

"लग्न असलं तरी घरटी एक माणूस जातं. मागं एका नवरदेवानं हळदीच्या अंगानं गाळ काढला." हे ती मोठ्या अभिमानानं सांगते!

उसाच्या फडाशी गेलो. मी म्हटलं, एक कांडं मोड. तर म्हणे बांधावर बसून खायचं असेल तितका खा, घरी एक कांडं न्यायचं नाही. मग मी तिथेच बसले आणि दातांत बळ होतं तेवढा खाल्ला. काय करणार!

पाणी सोडायलाही नियम. एका पाळीला पाण्याची सुरुवात पाटाच्या तोंडाकडून, पुढच्या पाळीला शेपटाकडून. गोदाची गव्हाची पट्टी अगदी शेपटाला. सगळ्यात शेवटची. त्या गव्हाकडे बघून मात्र माझा जीव निवला. कमरेएवढा, ओंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या, दाबून बघितलं तर दाण्यात दूध. "आता एक पाणी मिळालं की दाणा भरला," गोदा म्हणाली. "आठ-दहा दिवसांत पाळी. या खेपेला शेपटाकडून सुरुवात. आपल्याच पट्टीपासून." असं म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. वर्षाचा गहू तिथे उभा होता त्यांचा. बाकी सगळं ज्वारी-बाजरीवर.

आणि मग तो चौथा फड. ढेकळं, वाळलेलं गवत आणि मेंढ्यांच्या लेंड्या. धनगरांचे कळप तिथे बसवतात. पाटाच्या कडेनं ओल झिरपून जमीन अशी काळीभोर, मऊ. माळ्याच्या बाईला ती जमीन रिकामी बघवेल का? सांगा तुम्हीच. गोदाचीही पट्टी होती त्यात. स्वतःच्या मालकीची पट्टी, ओल आहे, खत आहे, आणि घरात भाजी नाही.

मी तिला काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, भाजी ताटात वाढली की कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला जाते सांगून निघाले. खुरपं कमरेला खोचलं. पाटाच्या कडेला, गोदाच्याच पट्टीत, एक छोटा वाफा केला. मेथी फोकली, धने चोळून टाकले, वर माती सारली आणि तांब्यानं पाटातलं पाणी घातलं. चार दिवस रोज गेले. पहिल्या दिवशी पाच तांबे, मग आठ, मग घागरच नेली. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपणही घातलं. पाचव्या दिवशी मेथीनं माना वर काढल्या. दोन दोन पानं, हिरवी, ओली. मी उकिडवी बसून बघतेय, आणि मागून आवाज आला.

"मावशी, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

जागल्या होता, वेस्ता. गावानं पिकं राखायला ठेवलेला भिल्ल माणूस. तापीपलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. हातात काठी, अंगावर बंडी. बोलणं हळू.

मी म्हटलं, "मेथी केली. बघ कशी आलीय! दोन आठवड्यांनी तुलाही जुडी देईन."

तो हसला नाही. खाली बसला, एक पान बोटानं हलवलं. "आठे काही पेरानं नही, मावशी. हाऊ फड यंदा निजेल शे."

"निजलाय? फड निजतो होय?"

"आमना डोंगरमा बी असंच. नवा पाला निंघस, पन गाव पूजा करस नही तवलग कोणी तोडस नही. भूक ऱ्हायनी तरी." मग उठला. "मले सांगनं पडी आप्पासले."

"मेथीच्या चार पानांसाठी तू गावाला सांगणार?"

"चार पानंना वाफा शे, पन पाटनं पानी बी शे."

आणि गेला! मी त्याच्या पाठीला वाट्टेल ते बोलले. लिहीत नाही. खोटं कशाला बोलू, चांगलं नव्हतं ते.

घरी येऊन गोदाला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली. पीठ लागलेले हात तसेच. "मावशी," म्हणाली, "पाटाचं पाणी घातलंस?"

"तांब्यानं घातलं गं. प्यायचं पाणी नाही का घेत?"

"पिण्याला चालतं. निजलेल्या फडाला नाही चालत." तिचा आवाज एवढासा झाला. "एक पाळी बंद होते त्या घराची."

मला कळायला वेळ लागला.  पाळी म्हणजे तीच, आठ-दहा दिवसांतली म्हणाली होती ती. आता तीनच दिवस राहिले होते. दाण्यात दूध असलेल्या गव्हाचं पाणी.

बंधाऱ्यावर

पंच बसतात ते बंधाऱ्याच्या दगडांवर, भर दुपारी, करंजाच्या सावलीत. मी आदल्या दिवसापासून भांडण्याची तयारी केली होती. सुकदेव म्हणाला, "मावशी, जाऊ द्या." तो तसा गरीब. मी म्हटलं, तू गप्प बस, मी बोलते.

मुख्य माणूस आप्पा. माझ्याच वयाचे, डोळ्यांत फूल पडलेलं, पण आवाज खणखणीत. त्यांनी वेस्ताला विचारलं, वेस्तानं सांगितलं. न वाढवता, न कमी करता. मग मी पुढे झाले.

"हे बघा आप्पा, वाफा मी केला. पाणी मी घातलं. गोदाला ठाऊक नव्हतं, जावयाला ठाऊक नव्हतं. मी या गावची नाही. जी काय शिक्षा ती मला करा."

आप्पा म्हणाले, "तुम्हले काय शिक्षा करू, बहीन? तुम्हनं आठे वावर कोठे शे?"

सगळे हसले. मी आणखी चिडले. म्हटलं, "हसू नका. रिकाम्या जमिनीत मूठभर भाजी केली तर गावाचं काय बुडालं, ते मला समजावून द्या."

आप्पांनी समजावलं, बरं का. शांतपणे. म्हणाले, ऊस जमिनीचं सगळं पिऊन घेतो. पुढल्या वर्षी ऊस ज्या फडात जाणार तो आधी एक वर्ष निजवतात, त्यावर मेंढ्या बसवतात. आज एका पट्टीत भाजी झाली की तिला कुंपण येतं, कुंपण आलं की मेंढ्या बसत नाहीत. उद्या दुसरा म्हणतो मलाही भाजी हवी. मग त्या भाजीला पाणी हवं. पाट एकच. वर भाजी प्यायली की खाली शेपटाला गहू वाळतो. "आनि शेपटले कोन शे?" त्यांनी विचारलं.  शेपटाला माझीच गोदा होती.

मी मनात म्हटलं, शहाणपण कळलं, पण पोरीचा गहू? तेवढ्यात एक जण उठला. दौलतदाजी. पाटाच्या तोंडाशी ज्यांच्या पट्ट्या, त्यांतला मोठा. पागोटं झकास, बोलणं गोड.

"जाऊ द्या आप्पा," म्हणाला, "पाहुनी बाई शे. म्हातारं मानूस. मूठभर मेथीनं काय नदी आटी जाई? माफ करा."

देवमाणूस! मला वाटलं, या गावात एक तरी मऊ काळजाचा निघाला. बाकीचे दोघे तिघेही माना हलवायला लागले. आप्पांनी डोळे मिटले, उघडले, म्हणाले, "सगळासनं म्हननं असंच शे का?" झालं, सुटलो, असं वाटून मी हात जोडायला उचलले.

आणि मागे बायांत बसलेली गोदा उभी राहिली. पदर डोक्यावर ओढून, पण आवाज स्वच्छ.

"आप्पा, माफ करू नका."

मी वळून बघितलं. मला वाटलं ऊन लागलं हिला.

"आज मन्ही मावशी सुटनी," ती म्हणाली, "सकाय दाजीसना साला बी सुटी जाई. तो बी पाहुनाच शे."

 मग असा हशा उठला की करंजावरची पाखरं उडाली. मला काहीच कळेना. शेजारच्या बाईनं कानात सांगितलं. दौलतदाजीचा साला दर उन्हाळ्यात महिनाभर येऊन राहतो, आणि तो आला की तोंडाकडची बारी, म्हणजे पट्टीत पाणी घ्यायची दारं, आपोआप फुटतात. विचारलं की म्हणतो, पाट फुटला, उंदरानं पोखरला, मला कुठं ठाऊक, मी पाहुणा. मागच्या वर्षी वेस्तानं त्याला पकडला होता आणि दाजींची पाळी बंद झाली होती. दाजी तेव्हापासून वाट बघत होते, एखादा पाहुणा कुणी माफ करतंय का याची.

दाजीही शेवटी हसले. "मोठी शहानी शे तुन्ही बायको, सुकदेव," म्हणाले आणि बसले.

आप्पा गोदाला म्हणाले, "पोरी, गहू दूधमा शे तुन्हा. इचार करीसन बोल."

"इचार करीसनच बोली ऱ्हायनू," ती म्हणाली. "शेपटले पानी येस ते नियमनं येस. कोनी दया करी म्हनीसन येत नही."

पाळी बंद झाली.

घरी येताना मी तिच्याशी बोलले नाही. कसं बोलणार? मी भांडून, हात जोडून सोडवून आणलेलं तिनं आपल्या हातानं परत देऊन टाकलं. लहानपणी हीच पोर माझ्याशी एका शेंगदाण्याच्या लाडवासाठी अर्धा दिवस भांडायची. चुलीशी बसल्यावर मात्र राहवलं नाही. म्हटलं, "गोदे, मी तुझं काय वाईट केलं होतं?"

ती म्हणाली, "मावशी, तू रागाव. पण आपल्या विहिरीची गोष्ट तूच सांगायचीस ना?"

तुम्हाला ठाऊक आहे ती. शेजारच्या मळ्यातल्यानं विहीर खोल नेली, आपली आटली. मग आपण खोल नेली, खालच्याची आटली. कुणाकडे जाणार होतो? कुणी पंच नाही, कुणी आप्पा नाही. ज्याची त्याची विहीर. मी सासऱ्यांच्या हातचा तो मळा उजाड होताना बघितलाय. पण म्हणून काय पोरीनं आपलाच गहू... जाऊ दे. मला अजून राग येतो.

चार दिवस

दोन दिवसांनी पाणी सुटलं. शेपटाकडून. पाणी सोडणारा पाटकरी आला, गोदाच्या बाऱ्यावर चिखल आणि गवत आणखी घट्ट दाबलं, आणि शेजारच्या पट्टीचं बारं उघडलं. मी बांधावर उभी. पाणी गोदाच्या गव्हाच्या दाराशी येऊन, त्याला चाटून, मागे वळून दुसऱ्याच्या गव्हात शिरलं. दोन हातांवर कुणाचा तरी गहू घटाघटा पितोय आणि आपला उभा. मी आयुष्यात पुष्कळ बघितलंय, पण हे बघवेना.

मी तरातरा आप्पांकडे गेले. म्हटलं, "पाटाचं बंद. विहिरीचं?"

"इहीर गावनी शे," आप्पा म्हणाले. "घागर तुम्हनी शे. भरा."

सगळ्या गावाला हसायला झालं असणार. गावविहीर कुठे आणि पट्टी कुठे! एवढ्या लांबलचक पट्टीला घागरीनं पाणी म्हणजे वेडेपणाच. पण मी भरलं. गोदानं भरलं, सुकदेवनं कावड केली. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कडेची जेमतेम पाच पावलं ओली झाली. दुसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. तरी मी घागर सोडली नाही, कारण चूक माझी होती आणि ती माझ्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. त्याचाच जास्त त्रास होत होता.

तिसऱ्या दिवशी विहिरीवर बघते तर वेस्ता. काठी नाही हातात, खांद्यावर मडकं. त्याची बायकोही बरोबर, डोक्यावर दोन मडकी. ही बाई मी तोवर बघितलीही नव्हती.

मी म्हटलं, "तू? तूच तर सांगितलंस आप्पांना."

"ते मन्हं काम व्हतं," म्हणाला. "हाई काम नही, म्हनीसन उनू."

 मी नुसतं त्याच्या मडक्याला दोर लावून दिला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं दोन दिवस पाणी वाहिलं, न बोलता. मी मात्र बोलत होते. त्या दिवशी त्याच्या पाठीला जे वाट्टेल ते बोलले होते, त्याचं माफीनाम्यासारखं काहीतरी. त्याला किती कळलं कोण जाणे. त्याची बायको तेवढी हसली.

ती मेथी? ती मी स्वतःच्या हातानं उपटली. आप्पा म्हणाले होते मेंढ्या खातील, राहू द्या. मी नाही राहू दिली.

आठवड्यानं निघाले. गोदानं वेशीपर्यंत येऊन पाया पडताना विचारलं, "राग गेला?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग परत ये. गेला की कळव."

काल आलेलं कार्ड

तर कार्ड. सुकदेव लिहितो, गव्हाची कापणी सगळ्यांबरोबर झाली. आपला गहू निम्मा आला, दाणा बारीक. घागरींनी भिजलेली कड तेवढी चांगली भरली, ती बियाण्याला ठेवली. दिवाळीपर्यंत पुरायचा गहू श्रावणापर्यंत पुरेल, पुढे ज्वारी आहेच. काळजी करू नये. काळजी करू नये म्हणे!

आणि खाली बारीक अक्षरात: गावानं पाडव्याला एक नवा नियम केला. यापुढे कुणाच्याही घरी पाहुणा आला की त्याचे पाय धुवायच्या आधी त्याला पाटाचे नियम सांगायचे. नाही सांगितले तर दोष त्या घराचा. दौलतदाजींच्या साल्याला यंदा स्वतः आप्पांनी जाऊन सांगितले. लोक त्याला मावशीचा नियम म्हणतात.

वाचून मी आधी कार्ड आपटलं, मग उचललं, मग पुन्हा वाचलं. एवढ्या मोठ्या मुलखात माझ्या नावाचं काय राहिलं, तर हे.

बायांनो, मी दिवाळीनंतर परत जाणार आहे. यंदा एकटी जाणार नाही. गोदाच्या घरी तोवर गहू संपलेला असेल, तेव्हा पाहुण्या म्हणून जेवायला जायचं नाही. प्रत्येकीनं आपापल्या घरचा चार शेर गहू बांधून घ्यायचा. माझा मी आत्ताच बाजूला काढून ठेवलाय. कोण कोण येणार ते बसून ठरवू. आज दुपारची कामं आटोपली की माझ्याकडे या. आणि आत येऊन नीट मांडी घालून बसा. तिकडचे नियम मी तुम्हाला इथेच सांगून टाकते, म्हणजे गोदाला तुमचे पाय धुवायला उशीर व्हायचा नाही. या लवकर.